चर्चा: कॉन्सर्ट बँडच्या संगीतातून कृष्णवर्णीय आणि क्वीअर (समलैंगिक, पारलिंगी इत्यादी) ओळख खरोखर व्यक्त होते का?

मंद्रसप्तक:
क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्यूबा आणि तालवाद्ये एकत्र बसून वाजवणारा कॉन्सर्ट बँड लष्करी बँडच्या परंपरेतून घडला आणि अमेरिकेत आज तो प्रामुख्याने शाळा-महाविद्यालयांत नांदतो. या समूहासाठी ओमार थॉमस यांनी लिहिलेल्या दोन रचनांविषयी मला बोलायचे आहे. थॉमस यांचा जन्म १९८४ साली ब्रुकलिनमध्ये, मूळच्या गयानाच्या कुटुंबात झाला. आपण कृष्णवर्णीय आणि समलैंगिक आहोत, हे ते जाहीरपणे सांगतात.

१७ जून २०१५ रोजी अमेरिकेतील चार्ल्स्टन शहराच्या मदर इमॅन्युएल चर्चमध्ये बायबल-अभ्यासासाठी जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांची एका वर्णवर्चस्ववादी तरुणाने गोळ्या घालून हत्या केली. 'ऑफ अवर न्यू डे बिगन' ही रचना त्यांच्या स्मरणार्थ आहे. 'लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग' या कृष्णवर्णीयांच्या गीतावर ती उभी आहे, आणि तिचे नावही त्याच गीतातील एका ओळीतून आले आहे. ती सादर करताना वादक वाद्ये बाजूला ठेवून पाय आपटतात, टाळ्या वाजवतात, गातात. २०१९ साली, स्टोनवॉलच्या उठावाला (न्यूयॉर्कमधील समलैंगिकांच्या एका बारवरील पोलिसी छाप्याविरुद्ध झालेल्या उद्रेकाला) पन्नास वर्षे झाली तेव्हा, 'अ मदर ऑफ अ रेव्होल्यूशन!' आली. ती मार्शा पी. जॉन्सन या कृष्णवर्णीय पारलिंगी कार्यकर्तीला अर्पण केलेली आहे.

या दोन्ही रचना शेजारी ठेवून ऐकाव्यात, असे माझे मत आहे. मदर इमॅन्युएल ज्या ए.एम.ई. (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) या कृष्णवर्णीयांच्या ख्रिस्ती पंथाचे आहे, त्या पंथाने २००४ साली आपल्या पाद्र्यांना समलिंगी विवाह लावण्यास मनाई केली. ज्या उपासनेच्या टाळ्या आणि पदन्यास थॉमस आपुलकीने उचलतात, त्या घरात त्यांच्यासारख्यांना पुरती जागा नाही. तरीही ते त्या घरावरचा हक्क सोडत नाहीत, आणि एक ओळख मिरवण्यासाठी दुसरी झाकतही नाहीत. शब्दांवाचून हे ऐकू येते, ही मला मोठी गोष्ट वाटते.

तटस्थ_वाचक:
आपल्या भावनेचा आदर राखून मी असहमती नोंदवतो. आपण जे 'ऐकू येते' म्हणता, ते शीर्षकातून आणि कार्यक्रमपत्रिकेतील टिपणातून आलेले आहे. शीर्षक झाकून दुसरी रचना कोणाला ऐकवली, तर तो तिच्या लयीवर खूश होईल, पण ती एका पारलिंगी स्त्रीविषयी आहे हे त्याला कळणार नाही. चर्चचे सूर ओळखू येतात, कारण त्यांना शंभर-दीडशे वर्षांची सामायिक स्मृती आहे. क्वीअर असण्याचा असा कोणता स्वर आहे? सुरांना जात नसते आणि लिंगभावही नसतो, असे मी मानतो.

क्लॅरिनेटवाली:
सुरांना जात नसेल, पण वाद्यांना ती आपणच चिकटवली. हलगी पिढ्यान्‌पिढ्या मांग समाजाच्या गळ्यात अडकवली आणि तिच्या तालावर मिरवणुका काढणाऱ्यांनी वाजवणाऱ्याला ओसरीवरही घेतले नाही. कोण काय वाजवतो आणि कोणाचे संगीत 'अभिजात' ठरते, यात समाज असतोच. कॉन्सर्ट बँडचेच पाहा: नॅशनल बँड असोसिएशन या अमेरिकी संस्थेचा, बँडसाठीच्या रचनांना स्पर्धेतून दिला जाणारा रेवेली पुरस्कार थॉमस यांच्या 'कम संडे' या रचनेला २०१९ साली मिळाला, आणि त्या स्पर्धेच्या बेचाळीस वर्षांत तो मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय संगीतकार ठरले. त्या रचनेत कृष्णवर्णीय चर्चमधील हॅमंड ऑर्गन या विजेवर चालणाऱ्या वाद्याचा मान राखला आहे.

मी स्वतः अमेरिकेतल्या एका हौशी बँडमध्ये वाजवते. पाय आपटण्याची जागा आली की गोऱ्या, सावळ्या, काळ्या सगळ्याच वादकांना शरीर वापरावे लागते, आणि ज्यांना ती लय परकी आहे त्यांची पावले तालमीत उशिरा पडतात. दिग्दर्शक तेवढ्या छोट्या तुकड्यासाठी पुन्हा पुन्हा थांबतात. शीर्षक झाकले तरी ही गोष्ट झाकली जात नाही. श्रोत्यापर्यंत काय पोहोचते याची चर्चा आपण करतो आहोत, पण वादकाला काय करावे लागते याकडे कोणी पाहत नाही.

इतिहासप्रेमी:
माझा आक्षेप वेगळ्या जागेवर आहे. उठाव सुरू झाल्यानंतर आपण तिथे पोहोचलो, असे मार्शा यांनी स्वतः मुलाखतीत सांगितले होते. असे असताना त्यांना क्रांतीची जननी म्हणणारी रचना शालेय वयाच्या मुलांच्या हाती दिली, तर संगीत इतिहासाऐवजी दंतकथा पोहोचवते. १९७० साली सिल्व्हिया रिव्हेरा यांच्यासोबत बेघर पारलिंगी तरुणांसाठी त्यांनी उभे केलेले काम अधिक पक्के आहे, आणि ते शीर्षकात येत नाही.

मंद्रसप्तक:
इतिहासप्रेमी, आपला आक्षेप मला मान्य आहे, आणि दिग्दर्शकाने तो तालमीतच मुलांसमोर ठेवावा. तरीही आईपण पहिला दगड कोणी मारला यावर ठरत नाही. ज्यांना कोणी घरात घेतले नाही त्यांना मार्शा यांनी आसरा दिला, म्हणून मला ते शीर्षक योग्य वाटते.

तटस्थ_वाचक, क्वीअर असण्याचा वेगळा स्वर नाही, हे आपले म्हणणे मी स्वीकारतो. पण चर्चच्या सुरांनाही जन्मतः अर्थ नव्हता. माणसांनी ते एकत्र गायले, त्या सुरांसाठी मार खाल्ला, त्यांच्यावरच आपली माणसे पुरली, तेव्हा तो अर्थ आला. दुसऱ्या रचनेचे वय अजून फार लहान आहे.

तटस्थ_वाचक:
मग आपण भविष्याविषयी बोलत आहात. आज ती ओळख शीर्षकात आहे, सुरांत नाही, या मतावर मी ठाम आहे. मात्र क्लॅरिनेटवाली यांनी वादकाच्या शरीराविषयी जे लिहिले, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.