सोयाबीन-तूर ४:२ (चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर): तुरीलगतचं सोयाबीन उंच वाढलं, तुरीची फुलं गळतायत

प्रश्न : जमीन मध्यम काळी, जिल्हा लातूर. तुरीलगतच्या तासातलं (ओळीतलं) सोयाबीन नुसतंच उंच वाढून लोळलं, शेंगा कमी. आता सोयाबीन काढलंय, रानात बोट जाईल एवढ्या भेगा, आणि तुरीखाली पिवळ्या फुलांचा सडा. बघवत नाही. पेरा चुकला का?

उत्तर १ : तुरीच्या जोडओळी पूर्व-पश्चिम आहेत का? त्या तासाला तुरीची सावली पडते.

उत्तर २ : दादा, पेरा बरोबर आहे. तूर पहिले दीड महिना हळू वाढते, तोवर ऊन सोयाबीन घेतं. पुढे तूर पसरते. मी ४५ दिवसांनी शेंडे खुडतो, फांद्या वाढतात. पाण्याचंही तसंच: सोयाबीन वरच्या थरातलं पितं, तुरीचं सोटमूळ खोल जातं. पण भेगांतून खालची ओलही उडते, म्हणून फुलं गळतात. आज-उद्याच कोळपं (ओळींमधली माती हलवायचं बैलाचं अवजार) घाला, भेगा बुजवा, सोयाबीनचा भुसा दोन ओळींच्या मध्ये पसरा. विहिरीला पाणी असेल तर एक हलकं पाणी द्या, तुंबवू नका.

प्रश्नकर्ता : जोडओळी पूर्व-पश्चिमच आहेत. कोळपं आज जुंपतो.