मदत हवी आहे: बाबांच्या घानाच्या लाकडी स्टुलातून पीठ पडतंय

नमस्कार मंडळी,

लाकूडकामातलं किंवा जुन्या वस्तू जपण्यातलं कळणाऱ्या कुणाचा तरी सल्ला तातडीने हवा आहे.

बाबा १९९२ ते १९९७ घानात, कुमासीला एका लाकूड कारखान्यात हिशेबनीस होते. परत येताना त्यांनी तिकडच्या अशांती नावाच्या लोकांचं एक स्टूल आणलं. कुमासीहून माम्पोंगच्या रस्त्याला आहविया नावाचं गाव आहे, तिथे घरोघरी लाकूड कोरायचं काम चालतं. तिथल्याच एका कारागिराने ते बाबांच्या डोळ्यांदेखत केलं. अख्खं स्टूल एका ओंडक्यातून काढलेलं, त्यात सांधा नाही, खिळा नाही, सरस नाही. खाली सपाट पाट, वर दोन्ही टोकांना उचललेली, चंद्रकोरीसारखी बैठक आणि मधे एकमेकांत गुंतलेली लाकडाची गाठ. या गाठीला तिकडे न्यान्सापो म्हणतात, म्हणजे शहाणपणाची गाठ. ती फक्त शहाण्यालाच सोडवता येते, असं मानतात. वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचे, घाव बैठकीच्या खालच्या बाजूला अजून बोटांना लागतात. वरची बाजू मात्र बसून बसून गुळगुळीत झाली आहे.

बाबा आता ७९ वर्षांचे आहेत. रोज सकाळी त्यावर बसून पेपर वाचतात आणि उठले की स्टूल आडवं करून ठेवतात. अशांती लोकांत स्टूल म्हणजे नुसतं बसायचं साधन नाही, माणसाचा जीव त्यात असतो अशी श्रद्धा आहे. रिकाम्या स्टुलावर भलत्याच कुणी येऊन बसू नये म्हणून ते कलतं ठेवायचं. त्यांचं सोन्याचं स्टूल तर साऱ्या अशांतींचा प्राण. त्यावर राजासुद्धा बसत नाही. १९०० साली इंग्रज गव्हर्नर हॉजसनने ते बसायला मागितलं, तेव्हा याआ असांतेवा या राजमातेच्या पुढारीपणाखाली लढाई पेटली. लहानपणी ही गोष्ट आम्ही बाबांकडून इतक्यांदा ऐकली आहे की शिवाजी महाराजांच्या गोष्टींइतकीच पाठ आहे.

आता अडचण सांगते. आम्ही ठाण्यात राहतो. या पावसाळ्यात स्टुलाखाली रव्यापेक्षा बारीक, पिवळसर पीठ दिसायला लागलं. उलटं करून पाहिलं तर गाठीच्या आतल्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं, मी मोजली तेवढी अकरा. शिवाय खालच्या पाटाला एक केसासारखी चीर आहे. ती जुनीच, पण यंदा थोडी लांबल्यासारखी वाटते.

ओळखीच्या सुतारांना दाखवलं. ते म्हणाले, भोकांत लांबी (पुट्टी) भरू, पॉलिश पेपर मारू, वरून डार्क वॉलनट पॉलिश करू, नव्यासारखं होईल. माणूस कामाचा चांगला आहे, पण बाबा एकदम गप्प झाले. संध्याकाळी मला म्हणाले, "काळं करू नका गं. काळं स्टूल गेलेल्या माणसाचं असतं." तिकडे चांगला राजा वारला की त्याचं स्टूल काळं करून पूर्वजांच्या खोलीत ठेवतात. जिवंत माणसाचं पांढरं असतं, वाळूने घासून पांढरंच राखतात.

तेव्हा माझे प्रश्न असे. कीड जिवंत आहे की नाही ते कसं ओळखू? लाकडाचा रंग न बदलता, वाकसाचे घाव न घासता ती मारता येईल का? त्या चिरेचं काय करू? बाबा रोज त्यावर बसतात, म्हणून जहाल औषध नको वाटतं.

प्रतिसाद

ताई, पॉलिश पेपर मुळीच मारू देऊ नका, घाव एकदा गेले की गेले. ही स्टुलं सेसे नावाच्या पांढऱ्या लाकडाची किंवा अल्स्टोनियाची करतात. अल्स्टोनिया म्हणजे आपल्या सातविणीची बहीण. हलकं, मऊ, कोरायला सोपं, पण किडीलाही तितकंच सोपं. आधी ब्रशने सगळं पीठ झाडा आणि खाली काळा कागद घाला. दोन-चार दिवसांत पुन्हा पीठ पडलं तर कीड जिवंत आहे.

माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय थंडीचा. स्टूल जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, चिकटपट्टीने बंद करा आणि उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, नाहीतर लाकडाला पाणी सुटेल. याने रंगही जात नाही आणि विषही राहत नाही. भोकं नंतर रंगाला जुळणाऱ्या मेणाने बुजवा. चिरेत लांबी नको. ओल्या लाकडात कोरलेली वस्तू वाळताना तडकतेच, आणि ऋतूप्रमाणे चीर उघडते-मिटते. कडक काही भरलंत तर शेजारी दुसरी चीर जाईल.

प्रतिसाद

मी सावंतवाडीची. आमच्या खेळण्यांचा पांगारा असाच हलका नि पांढुरका, त्यालाही कीड लागते. रॉकेल लावा असं कुणीतरी नक्की सांगेल, ऐकू नका. डाग पडतो आणि वास महिनोन् महिने जात नाही. बाबांना नमस्कार सांगा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. परवा काळा कागद घातला होता. आज सकाळी गाठीच्या बरोबर खाली चिमूटभर पीठ होतं, म्हणजे कीड जिवंत आहे. बाबांना थंडीचा उपाय सांगितला, ते लगेच तयार झाले. दोन आठवडे खुर्चीवर बसेन म्हणाले.

आता फ्रीझर शोधते आहे. स्टूल ५५ सेंमी लांब, ३० रुंद, ४० उंच आहे, घरच्या फ्रिजमध्ये मावत नाही. ठाणे-मुलुंड भागात आडवा डीप फ्रीझर असलेला, दोन आठवडे जागा देऊ शकेल असा कुणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. भाडं अर्थातच देईन.