समकालीन जॅझ पियानो : सुरुवात ट्रायोपासून करावी की एकल वादनापासून?

मंद्रषड्ज :
आजच्या जॅझ पियानोवादकांपैकी आधी कोणाला ऐकावे, असे विचारले की अनेक जाणकार एकल वादनाचे अल्बम पुढे करतात, आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. पियानो, डबल बास आणि ड्रम्स या तिघांच्या संवादात लय कोणी धरली आहे आणि ती कोण कधी सोडतो, हे नवख्या कानालाही हळूहळू उमगते. म्हणून सुरुवात ट्रायोपासून, म्हणजे अशा त्रिकुटापासून व्हावी. माझी पहिली शिफारस विजय अय्यर यांच्या ‘ब्रेक स्टफ’ची (२०१५). त्यातील ‘हूड’ ही रचना डेट्रॉइटच्या टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या परंपरेतील रॉबर्ट हूड यांना मानवंदना आहे. सुरुवातीला तोच तो छोटा आकृतिबंध घोटला जातो आणि काही घडतच नाही असे वाटते. पण मार्कस गिलमोर यांचे आघात नकळत जागा बदलतात, स्टीफन क्रम्प यांचा बास त्यांना भलत्याच ठिकाणी गाठतो, आणि आपण जिला सम समजत होतो ती समच नव्हती, हे बऱ्याच उशिरा ध्यानात येते. दुसरी शिफारस ब्रॅड मेल्डाऊ यांच्या ‘आर्ट ऑफ द ट्रायो’ मालिकेतील तिसऱ्या अल्बमची (१९९८). त्यात गायक-गीतकार निक ड्रेक आणि रॉक बँड रेडिओहेड यांची गाणी आहेत, त्यामुळे मूळ चाल ठाऊक असणाऱ्याला विस्तार कुठे सुरू झाला ते चटकन कळते.

पेडलपॉइंट :
आपल्या निवडीशी माझा वाद नाही, क्रमाशी आहे. ‘हूड’चे वर्णन करताना आपण ड्रम्सचे आणि बासचे कौतुक केलेत, पियानोबद्दल मात्र जवळजवळ काहीच लिहिले नाहीत. एकल वादनात आडोसा नसतो. जेसन मोरान यांच्या ‘मॉडर्निस्टिक’मध्ये (२००२) जेम्स पी. जॉन्सन यांची स्ट्राइड शैलीतील रचना आहे आणि आफ्रिका बंबाटा यांचे १९८२चे हिप-हॉप गाणे ‘प्लॅनेट रॉक’ही आहे. स्ट्राइडमध्ये डावा हात खर्जातला स्वर आणि मधल्या पट्टीतला कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) यांच्यात सतत झेपावत राहतो. बास आणि ताल दोन्ही त्या एका हातातच असतात. क्रेग टेबॉर्न यांच्या ‘अव्हेंजिंग एंजल’ची (२०११) तऱ्हा अगदी उलटी आहे. लुगानो येथे ध्वनिमुद्रित झालेल्या या अल्बममध्ये ते एखादा स्वर छेडून त्याला पुरते विरू देतात आणि त्याचा शेष ऐकूनच पुढचा स्वर कुठे ठेवायचा ते ठरवतात, असे वाटत राहते. शेजारी झांज वाजत असती, तर हे ऐकूच आले नसते.

तिसरीघंटा :
आपण दोघांनीही ईसीएम या रेकॉर्ड लेबलचा एकेक अल्बम (‘ब्रेक स्टफ’ आणि ‘अव्हेंजिंग एंजल’) सुचवला आहे, याकडे लक्ष वेधतो. त्या लेबलच्या घुमाऱ्यामुळे हे संगीत शांतपणे डोळे मिटून ऐकण्याचेच आहे, असा नवख्यांचा समज होतो. अय्यर यांचे तेच त्रिकूट ‘अ‍ॅक्सेलरान्डो’मध्ये (२०१२) ऐकावे. तो अ‍ॅक्ट या लेबलचा अल्बम आहे, त्यात मायकेल जॅक्सन यांचे ‘ह्यूमन नेचर’ आहे, आणि ड्रम्स अगदी अंगावर येतात. शिवाय क्रिस डेव्हिस यांचा ‘डायटम रिबन्स’ (२०१९) कोणालाच कसा आठवला नाही? तिथे तारांमध्ये वस्तू अडकवलेला पियानो आहे, टर्नटेबल आहे आणि मुक्त जॅझचे पियानोवादक सेसिल टेलर यांचा बोलण्याचा आवाजही आहे.

मंद्रषड्ज :
‘डायटम रिबन्स’ उत्तम आहे, परंतु तो मुख्यतः संगीतरचनाकाराचा अल्बम आहे. रॉबर्ट ग्लास्पर यांच्या ‘ब्लॅक रेडिओ’लाही (२०१२) ग्रॅमी मिळाले ते आर अँड बी विभागात, आणि ते योग्यच होते, कारण त्यात गायक पुढे आहेत आणि पियानो मागे. राहिला प्रश्न स्ट्राइडचा. डावा हात बासचे काम करतो, हे कळण्यासाठी बास आधी कानावरून गेलेला असावा लागतो.

पेडलपॉइंट :
इतिहास नेमका याच्या उलट आहे. स्ट्राइडवादकांचा डावा हात आधीपासून सगळा भार वाहत होता. पुढे १९४०च्या दशकातल्या बीबॉप या वेगवान जॅझ शैलीच्या काळात बास आणि ड्रम्सने तो उचलला आणि पियानोवादकाचा डावा हात मधूनमधून कॉर्ड टाकण्यापुरता उरला. मेल्डाऊ वेगळे वाटतात ते त्यांनी त्या हाताला पुन्हा स्वतंत्र चाल दिली म्हणून. आपण सुचवलेल्या ‘आर्ट ऑफ द ट्रायो’च्या तिसऱ्या अल्बममधले निक ड्रेक यांचे ‘रिव्हर मॅन’ त्यांनी ‘लाइव्ह इन टोकियो’मध्ये (२००४) एकट्याने वाजवले आहे. दोन्ही लागोपाठ ऐकावीत आणि एकल वादनात कोणती उणीव भासते ते सांगावे.

मंद्रषड्ज :
दोन्ही माझ्या परिचयाची आहेत. टोकियोतले वादन अधिक भव्य आहे हे मान्य. पण ट्रायोमध्ये पाच मात्रांचे आवर्तन लॅरी ग्रेनेडिअर यांच्या बासवर निर्धास्त सोडून मेल्डाऊ मागे रेंगाळू शकतात, आणि मला ऐकायचे असते ते हे रेंगाळणेच.