मुंबईचा एक्यूआय बातम्यांत, आमचा परातीत

परातवाला_चांदा:
काल रात्री जेवताना बातम्या लावल्या तर अर्धा तास नुसती मुंबईची हवा. बीकेसीत एक्यूआय म्हणजे हवा किती खराब त्याचा आकडा किती, बांधकामावर हिरवं कापड लावलं का नाही, फवारे मारणाऱ्या गाड्या फिरल्या का. बरं आहे ना बाप्पा, मुंबईवाल्यांनाही फुप्फुसं आहेत, माझं काही म्हणणं नाही. चंद्रपूरचं नाव आलं ते वाघासाठी, तेही शेवटी हवामानाच्या आधी.

तर आमचं सांगतो. दिवाळीपासून मी रोज रात्री गच्चीत स्टीलची परात ठेवून राहिलो, सकाळी साडेसहाला ओल्या टिश्यूनं एकदाच पुसायची आणि टिश्यू तारीख टाकून पॉलिथिनमध्ये. 45 टिश्यू झाले. काही करडे, काही पार काळे, चोळले तर बोटात करकर होते. आईनं गच्चीत कुरडया घालणं कधीचंच सोडलं. आता ही धूळ कोणाची ते मी सांगू शकत नाही कारण आमच्या आजूबाजूला काय नाही ते विचारा, 2920 मेगावॅटचं वीज केंद्र, वेकोलिच्या कोळसा खाणी, घुग्घूसची कोळसा साइडिंग, ताडाळी एमआयडीसी, गडचांदूरकडचे सिमेंटवाले, बल्लारपूरची पेपर मिल, आणि पडोली चौकातून अर्धी ताडपत्री फडफडवत जाणारे ट्रक.

2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळ आणि आयआयटी दिल्लीनं देशातल्या 88 औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे मार्क दिले होते, सेपी म्हणतात त्याला. चंद्रपूरला 83.88. देशात चौथं. पुढं फक्त अंकलेश्वर, वापी, गाझियाबाद. जानेवारी 2010 मध्ये नवीन प्रकल्पांच्या मंजुऱ्या थांबवल्या, मग ती बंदी उठली. आणि आज एक्यूआय दाखवणारं समीर ॲप उघडलं की मला चंद्रपूरच्या नावाखाली हवा मोजणारी दोन स्टेशनं दिसतात, एक शहरातलं आणि एक खुटाळा एमआयडीसीतलं. जिल्हा आहे 15 तालुक्यांचा! माझं म्हणणं, नवा वीज संच, नवी खाण, नवी सिमेंट भट्टी काहीही आणायच्या आधी प्रत्येक तालुक्यात हवा मोजायचं मशीन लावा आणि चिमणीचे आकडे तासातासाला आमच्या मोबाईलवर द्या. तोपर्यंत मंजुरी नाही. बोला.

बी_शिफ्ट:
मी एका वीज केंद्रात आहे, कोणतं ते विचारू नका, 22 वर्षं झाली. राहतो पण कॉलनीतच, माझी पोरगी पण तीच हवा घेते तेव्हा मला कोणी दलाल वगैरे म्हणू नये. दादा तुमचा प्रॉब्लेम हा आहे की परात दिसली की तुम्ही चिमणीकडं बोट करता. आपल्या कोळशात राखच 30-40 टक्के असते हे खरं पण उडणारी राख 99 टक्क्यांच्या वर ईएसपीत पकडल्या जाते, विजेच्या प्लेटा असतात, राख त्याला चिकटते आणि हॅमरनं ठोकून खाली पाडतात. लाइटअपच्या म्हणजे बॉयलर पेटवायच्या वेळी ऑइल गन चालू असते तेव्हा त्या प्लेटांना वीज देत नाहीत, आग लागायची भीती असते, तेव्हा थोडा वेळ काळा धूर दिसतो आणि नेमका तोच व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतो. आता तुमच्या गल्लीत किती घरी कोळशाची सिगडी पेटते ते मोजा एकदा. थंडीत सकाळी सहाला निघून पाहा, डोळे चुरचुरतात ते कशानं? आणि सेपीचे मार्क सांगता तर पूर्ण सांगा ना, 2018 ला चंद्रपूर 76.41 वर आलं. सुधारणा नाही का ही?

पुणेरी_शंका:
एक बारीक मुद्दा. परातीत जे बसतं ती जाड धूळ. पीएम 2.5 म्हणजे हवेतला अतिबारीक कण, तो इतका बारीक असतो की तो असा रात्रीत खाली बसतच नाही, तरंगत राहतो आणि सरळ फुप्फुसात जातो. म्हणजे तुमची परात काळी असली तरी एक्यूआय बरा असू शकतो आणि परात चकाचक असली तरी हवा वाईट असू शकते. 45 टिश्यू हा डेटा नव्हे.

परातवाला_चांदा:
@पुणेरी_शंका हाव, डेटा नाही, मान्य. म्हणूनच तर मशीन मागून राहिलो ना! माझ्याजवळ परात आहे म्हणून परात ठेवली, दीड कोटीचं मशीन असतं तर ते ठेवलं असतं (किंमत अंदाजे हां, पुण्यातून लगेच कोटेशन नका मागू).

@बी_शिफ्ट ईएसपीचं छान सांगितलं, हे असं कोणी समजावून सांगतच नाही. पण भाऊ मार्कांचं तुम्ही अर्धंच सांगितलं. मधे 2016 ला सेपीचं सूत्रच बदललं. पेपर सोपा केला आणि पोरगा सुधारला असं म्हणायचं का? आणि 76 पण 70 च्या वरच आहे, 70 च्या वर म्हणजे क्रिटिकल. सिगडीचं खरं आहे, आमच्या शेजारी पण पेटते. पण तो कोळसा त्याच्या घरी येतो कुठून, त्याच ट्रकमधून सांडलेला पोरं वेचून आणतात. सिलिंडर परवडत नाही आणि कोळसा रस्त्यावर पडून आहे, तर काय पेटवेल माणूस?

फेज_टू_डोंबिवली:
70 वरून आठवलं. त्याच 2018 च्या यादीत डोंबिवलीला 69.67 मिळाले 😂 पाव टक्क्यापेक्षा थोडं जास्त पडलं असतं तर क्रिटिकल झालो असतो. 2009 ला 78.41 होते. आता काय सगळे खूश, आम्ही क्रिटिकल नाही, फक्त सिरियस. 2014 ला हिरवा पाऊस पडला, 2020 ला रस्ता गुलाबी झाला, मुख्यमंत्री बघून गेले, 2016 आणि 2024 दोन्ही वेळेला मे महिन्यात कंपनीत स्फोट. 24 ला आमच्या सोसायटीच्या लिफ्टच्या लॉबीतल्या काचा खाली आल्या, आई तेव्हा नुकतीच दूध घेऊन वर आली होती. पण ज्या दिवशी स्फोट नाही त्या दिवसाचं कोणी विचारत नाही. रात्री अकरानंतर जो गोडसर ॲसिडसारखा वास सुटतो तो एक्यूआयमध्ये येतच नाही कारण एक्यूआय मोजतो पीएम, सल्फर, नायट्रोजन, ओझोन, अमोनिया असलं काहीतरी, कंपन्यांतल्या सॉल्व्हंट रसायनांची वाफ नाही. एकदा रात्री दीडला फोन लावला होता तक्रारीला, समोरचा म्हणाला सकाळी या लेखी घेऊन. सकाळी वास कुठाय?

छोटा_कारखानदार:
डोंबिवलीकर, थोडं ऐकाल? माझे वडील साठच्या दशकात तिथे आले तेव्हा आजूबाजूला गवत होतं आणि साप. कंपन्या आधी, बिल्डिंगी नंतर. मधे जी मोकळी जागा ठेवायची असते ती कोणी खाल्ली? ज्यांनी त्या जागेवर फ्लॅट घेतले त्यांनी घेताना वास घेतला नव्हता का, रेट कमी होता म्हणून घेतला. आता आम्हाला म्हणता कंपनी उचला आणि जा पाताळगंगा एमआयडीसीला. माझ्याकडे 31 माणसं आहेत, त्यातली निम्मी चालत येतात कामाला. शिफ्टिंगचा खर्च कोण देणार, तुमची सोसायटी? स्फोट करणारे दोन-चार, शिक्षा चारशेंना.

फेज_टू_डोंबिवली:
वास घेतला होता की. बिल्डर म्हणाला कंपन्या जाणार आहेत 😑 आणि आधी कोण आलं याचा विचार हवा करत नाही काका. तुम्ही आधी आलात म्हणून माझ्या मुलाला नेब्युलायझर लावायचा का?

वणीचा_कास्तकार:
तुमचं शहरावाल्यांचं चालू द्या. मी वर्धा नदीच्या अल्याड, जिल्हा यवतमाळ. पल्याड घुग्घूस, जिल्हा चंद्रपूर. धूळ इकडं येतेच, पूल लागत नाही तिला. अन आमच्या बाजूला पण खाणी आहेतच, काही कमी नाही. रस्त्याकडच्या चार ओळींतला कापूस वेचला ना तर बोंडाच्या वरचा पदर करडा असते, बाया वेचून येतात तर हात काजळी लावल्यासारखे. व्यापारी मूठ भरून पाहते, तोंड वाकडं करते अन भाव पाडते. मी एका ऑफिसात गेलो तर म्हणे हा ट्रक त्या जिल्ह्यातला, तिकडं अर्ज करा. तिकडं गेलो तर म्हणे शेत कोणत्या जिल्ह्यात? घ्या. जिल्ह्यावार मशीन लावून काय करता, हवा सातबारा पाहून वाहते का?

परातवाला_चांदा:
हे एकदम बरोबर पकडलं भाऊ. तालुकावार म्हणालो ते चुकलंच माझं, नदीच्या दोन्ही बाजूला मशीन लागलं पाहिजे.

तीन_नद्यांचं_गाव:
पिट्सबर्गहून लिहितोय, 14 वर्षं झाली इथे, मूळचा नागपूरचा म्हणून धागा वाचला. इथे काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं. पेन्सिल्वेनियात बहुतेक काउंट्यांची हवा राज्य सरकार बघतं, फक्त दोन काउंट्या स्वतः बघतात, फिलाडेल्फिया आणि आमची अलेघेनी. काउंटीचं आरोग्य खातं स्वतः परवाना देतं, स्वतः दंड करतं. क्लेअरटनला कोक म्हणजे कोळसा भाजायचा प्रचंड कारखाना आहे, नदीच्या खोऱ्यात, आणि थंडीत रात्री गार हवा खाली बसते वर गरम हवेचं झाकण, सकाळी सडक्या अंड्यांचा वास. लोकांनी विद्यापीठासोबत एक ॲप केलंय, वास आला की 1 ते 5 मार्क द्यायचे, तक्रार थेट काउंटीला जाते. डोंबिवलीकरांना रात्री दीडला हे चाललं असतं. आणि मुख्य गोष्ट, नेव्हिल बेटावरचा शेनँगो नावाचा कोक कारखाना जानेवारी 2016 ला बंद झाला, तर न्यूयॉर्क विद्यापीठाच्या लोकांनी आसपासच्या हृदयविकाराच्या इमर्जन्सी व्हिजिट मोजल्या, लगेच 42 टक्के कमी. कारखाना बंद, हार्ट ॲटॅकच्या फेऱ्या कमी, इतकं सरळ.

अजून एक. तुमच्याकडे 24 तासांचा पीएम 2.5 साठ असेल तर एक्यूआय येतो 100, म्हणजे 'समाधानकारक'. तेच 60 इथल्या तक्त्यात 'अनहेल्दी'मध्ये जातं. एकच हवा, विमानात बसलं की आजारी.

बी_शिफ्ट:
साहेब, कारखाना बंद झाला आणि हार्ट ठीक झालं, मान्य. त्या कारखान्यातल्या माणसाचं काय झालं ते मोजलं का कोणी? तुमच्या तिकडच्या गिरण्या बंद पडल्या आणि लोखंड कुठून यायला लागलं, आमच्यासारख्यांकडूनच ना. तुम्ही धूर एक्स्पोर्ट केला आणि ॲप बनवलं.

तीन_नद्यांचं_गाव:
हे मला इथल्या लोकांनीही ऐकवलंय, जवळपास याच शब्दांत. क्लेअरटनमध्ये निम्मी दुकानं बंद दिसतात. उत्तर नाहीये माझ्याकडे. पण आकडा खोटा ठरत नाही त्याने.

पुणेरी_शंका:
सल्फरचं कोणी बोललंच नाही. 2015 डिसेंबरला नियम आला, सगळ्या कोळसा केंद्रांना दोन वर्षांत एफजीडी लावायचं, म्हणजे धूर चुनखडीच्या पाण्यातून धुवायचा. मग 22, मग 24, मग 27, आणि जुलै 2025 ला साधारण 78 टक्के केंद्रांना सांगितलं की नाही लावलं तरी चालेल. दहा वर्षं मुदतवाढ आणि शेवटी सुट्टी.

बी_शिफ्ट:
त्याला कारण आहे. आपल्या कोळशात सल्फर अर्धा टक्का, बाहेरच्यासारखा नाही. हजारो कोटी घालून युनिटमागं पैसे वाढले तर तुम्हीच बिलावर धागा काढाल. चिमणी 200 मीटरच्या वर असते, वर पांगून जाते. आणि क्रिटिकल भागाच्या 10 किलोमीटरमधल्यांना सरसकट सुट्टी नाही, केस टू केस पाहणार आहेत.

परातवाला_चांदा:
पांगते म्हणजे जाते कुठं? वर जाऊन तोच सल्फर डायऑक्साइड अमोनियासोबत मिळून सल्फेट होते आणि ते पीएम 2.5 च आहे, फक्त दोनशे किलोमीटर पुढच्या माणसाच्या नाकात. उंच चिमणी म्हणजे आपला कचरा शेजारच्याच्या अंगणात लोटायचा लांब झाडू. आणि केस टू केस म्हणजे काय ते आम्ही 2010 च्या बंदीत पाहिलं आहे. वीज मुंबई-पुण्याला पण जाते, बिल वाढलं तर सगळ्यांचं वाढू द्या ना, आमचं खोकल्याच्या औषधाचं बिल तर फक्त आम्हीच भरून राहिलो.

तरी एक म्हणतो, बी_शिफ्ट भाऊ या धाग्यावर एकटे लढले आणि शिवी दिली नाही, चहा आपल्याकडून.

बी_शिफ्ट:
चहा घेतो पण गच्चीत नाही 😄 आणि एक करा. उद्यापासून टिश्यूवर तारखेसोबत वारा कोणत्या बाजूचा होता ते लिहा, आणि शेजाऱ्याची सिगडी किती वाजता पेटली ते पण. लाइटअप कधी झालं ते मी सांगणार नाही, नोकरी आहे. पण धूर तुम्हाला दिसतोच.

परातवाला_चांदा:
लिहितो. वाऱ्यासाठी परातीजवळ काठीला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधली आता. शेजाऱ्याकडं आज पाहुणे आहेत, दोन सिगड्या पेटल्या. त्याचंही लिहिलं.