पित्त उठलंय म्हणून गोळी देऊन बसलो आणि भलतंच झालं

रविवारचा_चहा: परवापासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून विचारतोय. भाचा ९ वर्षांचा, शेंगदाण्याची अॅलर्जी आहे हे माहीत होतं पण आजवर ओठ खाजणं, थोडं पित्त उठणं यापलीकडे काही झालं नव्हतं. परवा एका बिस्किटात शेंगदाणा निघाला. दहा मिनिटांत पोटावर गांधी आल्या, ताईने सेट्रिझिन दिली, म्हटलं उतरेल. मग उलटी झाली, आम्हाला वाटलं बरं झालं, पोटातलं बाहेर पडलं. पण तो सारखा घसा खाकरत होता, काहीतरी अडकल्यासारखा, आवाजही घोगरा झालेला. तोंड धुवायला म्हणून उठवला तर बेसिनपाशीच डोळे फिरवले न् मटकन खाली बसला. दवाखान्यात मांडीत एक इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळात पोरगं बोलायला लागलं. आम्हाला आधी कसं कळायला हवं होतं? आणि गोळीने काहीच कसं झालं नाही?

नाईट_ड्युटी: कॅज्युअल्टीत नर्स आहे. उलटी झाली तीच दवाखान्यात पळायची वेळ होती हो, पण तुमची चूक म्हणत नाही, बऱ्याच घरांत नेमकं हेच होतं. नुसत्या गांधी असतील तर गोळी देऊन लक्ष ठेवणं ठीक, पण त्याच्या जोडीला श्वास, आवाज, उलट्या, चक्कर यातलं काहीही आलं की ते पित्त राहत नाही, अॅनाफिलॅक्सिस होतं, म्हणजे अख्ख्या शरीरावर उठलेली जीवघेणी अॅलर्जी. खाकरणं आणि घोगरा आवाज म्हणजे घसा आतून सुजतोय.

गोळी फक्त हिस्टामिन (अॅलर्जीत अंगात सुटणारं, खाज-गांधी आणणारं रसायन) अडवते, तीही अर्धा-एक तास घेते, ना सुजलेला घसा मोकळा करते ना पडलेलं बीपी वर आणते. ते काम अॅड्रेनालिनच्या इंजेक्शनचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. फरक नाही पडला तर ५ ते १५ मिनिटांनी दुसरा डोस.

आणि उठवायचं नाही!! बीपी पडलेलं असताना उभं केलं की रक्त पायात उतरतं, हृदयाकडे परत काही येतच नाही, माणसं तिथल्या तिथे गेलेली आहेत. आडवं ठेवून पाय वर. दम लागत असेल तर बसवा पण पाय लांब करून, उलटी होत असेल तर कुशीवर. बरं वाटतंय म्हणाला तरी गाडीपर्यंत चालवत न्यायचं नाही.

वाटसरू_२२: मला गांधीलमाशीची आहे. माझ्या वेळी अंगावर एक गांध नव्हती, नुसतं पोटात कळ आणि आता काहीतरी भयंकर होणार अशी भीती, मी सगळ्यांना सांगत सुटलो की मी मरतोय आणि सगळे हसत होते. त्यामुळे अंगावर काही दिसत नाही म्हणून गप्प बसू नका. अॅड्रेनालिनचे पेन (स्वतःच टोचायचं तयार इंजेक्शन) दोन ठेवा, तापलेल्या गाडीत नको, फ्रिजमध्येही नको, एक्सपायरी बघत जा. पँटवरून टोचलं तरी चालतं. मी पहिल्यांदा घाबरून उलटं धरलं आणि स्वतःच्या अंगठ्यात टोचून घेतलं, म्हणून सुई नसलेल्या ट्रेनर पेनने घरच्या सगळ्यांकडून सराव करून घ्या.

रविवारचा_चहा: बापरे. आम्ही तर तासाभरात घरी घेऊन आलो त्याला 😟

नाईट_ड्युटी: लवकर आणलंत. काही तासांनी परत उसळी येऊ शकते, काहीही न खाता, क्वचित ७२ तासांपर्यंतसुद्धा, म्हणून निदान काही तास तरी ठेवून घेतात. उद्यापर्यंत लक्ष असू द्या. आणि अॅलर्जीच्या डॉक्टरांना दाखवाच, पेन ०.१५ आणि ०.३ मिलिग्रॅमचे येतात, वजन बघून ते ठरवतील. कधी काय करायचं हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या, एक कॉपी शाळेत.

रविवारचा_चहा: ताईला सगळं वाचून दाखवलं. ती विचारतेय सेट्रिझिन फेकून देऊ का.

नाईट_ड्युटी: अहो नका फेकू 😀 खाजेला चांगली आहे. फक्त इंजेक्शन आधी, ती नंतर.