दसरा ते दिवाळी: छोट्या शाळेतले कार्यक्रम आणि घसरणारी हजेरी

बालाघाटकर (प्रश्न)

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातली जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा. पहिली ते चौथी, पट 40. गणपती उठले की हजेरी उतरायला लागते, ती दिवाळीच्या सुटीपर्यंत काही सावरत नाही. पितृपक्षात मुलं घरच्यांबरोबर पित्रांच्या जेवणाला गावोगाव जातात. मग सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, नवरात्रात तुळजापूर. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागतात.

नेमके याच दिवसांत शाळेत एकामागून एक कार्यक्रम असतात: 2 ऑक्टोबर, 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि त्याच दिवशीचा हात धुणे दिन, भोंडला, आनंदबाजार. त्यांच्या पाठोपाठ पहिल्या सत्राचं संकलित मूल्यमापन. कार्यक्रमाच्या दिवशी वर्ग भरलेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निम्मा. कार्यक्रमांची आखणी कशी केली तर हजेरी टिकेल? आणि जी मुलं टोळीबरोबर जाणारच आहेत, त्यांच्यासाठी दसऱ्याआधी नेमकं काय करून ठेवावं? ज्यांनी हे प्रत्यक्ष राबवलंय त्यांनी तपशिलात लिहावं.

हजेरीपत्रक

सर, आखणीच्या आधी एक संध्याकाळ हजेरीपत्रक घेऊन बसा. आपण सगळे महिन्याची सरासरी काढतो आणि तिथंच थांबतो. तुमचाच पट घेऊ. 40 मुलं, कामाचे 20 दिवस, म्हणजे 800 हजेऱ्या. त्यातल्या 704 लागल्या तर सरासरी 88 टक्के. कागदावर बरी दिसते. पण उरलेल्या 96 गैरहजेऱ्या कोणाच्या आहेत ते बघा. सहा मुलं दहा-दहा दिवस आली नसतील तर 60 तिथंच गेल्या आणि बाकीच्या 34 मुलांच्या वाट्याला जेमतेम एकेक दिवस येतो. म्हणजे अडचण सहा घरांत आहे. त्यासाठी सगळ्या गावाची पालकसभा घेऊन उपयोग नाही, त्या सभेला नेमकी ही सहा घरं येत नाहीत.

म्हणून आडवी बेरीज करा, मुलागणिक. जून ते सप्टेंबर ज्याचे दहा टक्क्यांहून जास्त दिवस बुडालेत त्याच्या नावापुढे पेन्सिलने खूण करा. पहिली ते पाचवीला शिक्षण हक्क कायद्याने वर्षाला किमान 200 दिवस धरलेत, त्यातले दहा टक्के म्हणजे 20 दिवस. एक महिना शाळाच नाही असं समजा. पहिलीतल्या मुलाची एवढ्यात चार-पाच अक्षरगटांची ओळख राहून जाते आणि पुढं सगळा वर्ग वाचत असताना ते नुसतं बघत बसतं. मग त्याला शाळा नकोशी होते आणि आणखी दिवस बुडतात.

नंतर उभी बेरीज करा, वारागणिक. आठवडी बाजाराचा दिवस, शनिवारची सकाळची शाळा, सुटीला लागून आलेला दिवस, अमावस्या. हे खड्डे दर महिन्याला त्याच जागी दिसतील. कार्यक्रम कोणत्या दिवशी घ्यायचा ते या दोन बेरजांवरून ठरतं.

खूण केलेल्या प्रत्येक नावापुढे कारण एका शब्दात लिहा: धाकटं भावंड, वेचणी, आजारपण, घर लांब, वाचता येत नाही. 'पालकांची उदासीनता' असं कोणाच्याही नावापुढे लिहू नका. ते लिहिलं की पुढं करण्यासारखं काही उरत नाही.

चौथीचा वर्ग

कार्यक्रमांबद्दल लिहिते. दिवसभराचा मोठा कार्यक्रम घेतला की तो त्या दिवशीच संपतो आणि दुसऱ्या दिवशी यायला कारण उरत नाही. शिवाय आदल्या दिवशी तयारीत तास जातात, ते वेगळेच. त्यापेक्षा कार्यक्रमाचे तुकडे करावेत आणि रंगतदार अर्धा भाग मुद्दाम दुसऱ्या दिवशी ठेवावा.

आनंदबाजार घ्या. तिसरी-चौथी विक्रेते, पहिली-दुसरी गिऱ्हाईक. दुकानं आठ, एका दुकानावर दोघं-तिघं. घरची भाजी, लिंबं, भुईमुगाच्या शेंगा, चिंचा, भाजलेली कणसं असा माल. तळण आणि शेगडी नको. भाव 2, 5 आणि 10 रुपयांतच ठेवा. सगळा बाजार सुट्या पैशांवाचून अडतो, म्हणून 200 रुपयांची नाणी आधीच आणून ठेवा: पाचची 20, दोनची 25, एकची 50. ती दुकानांत वाटून द्या आणि कोणाला किती दिली ते फळ्यावर लिहा. प्रत्येक दुकानाला एक कागद, त्यावर तीन रकाने: आणलेला माल, विकलेला माल, आलेले पैसे. बाजार जेवणाच्या सुटीनंतर दीड तास, त्याहून जास्त नाही.

आता महत्त्वाचं. त्या दिवशी हिशेब करायचा नाही. पैसे डब्यात घालून, डब्यावर दुकानाचं नाव लिहून कपाटात ठेवायचे. दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर डबे उघडायचे, नाणी मोजायची, दिलेले सुटे परत घ्यायचे, नफा काढायचा आणि तो मुलांच्या हातात द्यायचा. पहिली-दुसरीची मुलं नाण्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करतात. आपल्या डब्यात किती निघाले हे बघायला मूल हमखास येतं, आणि गणिताचे दोन तास कसे जातात कळत नाही.

भोंडल्याला पूर्ण दिवस देऊ नका. घटस्थापनेपासून रोज शेवटची वीस मिनिटं पुरतात. मधे पाट, पाटावर खडूने काढलेला हत्ती, भोवती फेर. मुलगे-मुली दोघंही फेरात हवेत, नाहीतर अर्धी शाळा भिंतीला टेकून उभी राहते. खिरापत एकाच घरावर टाकू नका. रोज दोन मुलांची पाळी, वाटली डाळ, फुटाणे, मुरमुरे असं काहीही चालेल. डबा ओळखताना 'गोड की तिखट, ओलं की कोरडं' असे प्रश्न मुलांनीच विचारायचे आणि सांगितलेला प्रत्येक पदार्थ एकाने फळ्यावर लिहायचा. नऊ दिवसांत शब्दांची मोठी यादी होते, ती तशीच वाचनपाठ म्हणून वापरा. पाळी लावताना हजेरीपत्रक सरांनी सांगितलेली खुणेची मुलं आठवडी बाजाराच्या दिवशी घ्या. ज्याच्याकडे खिरापत आहे ते मूल घरी राहत नाही. फक्त एक सांभाळा, ज्या घरची परिस्थिती ओढगस्तीची आहे तिथं आदल्या दिवशी शाळेतून मूठभर फुटाणे गुपचूप द्या.

वाचन प्रेरणा दिनाचंही तसंच. डॉ. कलाम यांच्या जयंतीचं भाषण पाच मिनिटांत आटपा. नंतर एक लांब गोष्ट मोठ्याने वाचायला घ्या आणि ऐन रंगात थांबवा, उरलेली उद्या परिपाठात.

हात धुण्याचा कार्यक्रम मात्र त्या दिवसापुरता नकोच. तो रोजचा झाला तर हगवणीने बुडणारे दिवस खरोखर वाचतात. नळ नसेल तर पायाने चालणारी कॅनची सोय करा. 5 लिटरचा कॅन, तोंडाजवळ तापवलेल्या खिळ्याने पाडलेलं एक भोक, दोन खांबांमधे आडव्या काठीवर टांगलेला, आणि झाकणाकडच्या बाजूला बांधलेली दोरी खाली पायकाठीला. साबण जाळीच्या पिशवीत बाजूला टांगायचा. भोक मोठं पडलं की पाणी दहा मुलांतच संपतं, म्हणून बारीक खिळा घ्या. साबण उन्हात राहिला की तडकतो, कावळेही पळवतात. त्याला सावली हवी. एकच कॅन टांगला तर 40 मुलांना अर्धा तास लागतो, खिचडी निवते आणि तिसऱ्या दिवशी कोणी हात धुवत नाही. चार कॅन असले की सात-आठ मिनिटांत रांग संपते. सांडपाणी एखाद्या झाडाला सोडा, नाहीतर तिथंच चिखल आणि डास.

व्यवस्थापन समिती सदस्य

पालकांच्या बाजूने दोन गोष्टी. फोन करताना 'आज का पाठवलं नाही?' असं विचारलं की आई आजारपणाचं कारण सांगून मोकळी होते. 'आज त्याच्या दुकानाचे पैसे मोजायचे राहिलेत, उद्या पाठवा' असं सांगितलं तर पाठवते. पहिल्या दिवशी शेजारच्या मुलाबरोबर निरोप, दुसऱ्या दिवशी फोन, तिसऱ्या दिवशी घरी. घरी जायचं तर संध्याकाळी सातनंतर, दिवसा रानात असतात सगळे.

दुसरं, तिथीभोजन, म्हणजे शाळेतल्या मुलांना एखाद्या दिवशी गावातल्या कोणी दिलेलं जेवण, देणारे लोक वाढदिवस किंवा सण बघून दिवस ठरवतात. समितीने त्यांना आठवडी बाजाराचा दिवस सुचवावा. समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या बायका असतात, त्यांनी शब्द टाकला तर कोणी नाही म्हणत नाही. आणि धाकट्या भावंडासाठी घरी राहणाऱ्या मुलीचा प्रश्न अंगणवाडीशी बोलून सुटतो. अंगणवाडी लवकर सुटत असेल तर सुटल्यावर त्या पोराला शाळेच्या व्हरांड्यात बसू द्या. मास्तरांना त्रास होतो, पण ती मुलगी शाळेत राहते.

केंद्रशाळा

टोळीबरोबर जाणाऱ्या मुलांचं लिहितो, कारण इथं तारीख चुकली की सगळंच चुकतं. यंदा, 2026 ला, अधिक महिन्यामुळे सण उशिरा आहेत: घटस्थापना 11 ऑक्टोबर, दसरा 20 ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबर. तुमच्या हातात सप्टेंबर पूर्ण आहे. 7 नोव्हेंबरचा विद्यार्थी दिवस, म्हणजे 1900 साली बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले तो दिवस, यंदा दिवाळीच्या सुटीत जातोय. तो कार्यक्रम दसऱ्यानंतरच्या आठवड्यात उरकून घ्या. शाळेत नाव असण्याचं मोल सांगायला त्याहून योग्य वेळ नाही, कारण टोळ्या तेव्हाच हलत असतात.

सप्टेंबरमधे घरोघरी जाऊन यादी करा. यंदा उचल (तोडणीसाठी आगाऊ घेतलेले पैसे) कोणी घेतली, कोयता (तोडणी करणारं जोडपं) कोणाचा, टोळी नेणारा मुकादम कोण, कारखाना कोणता, कुटुंबाचा आणि मुकादमाचा फोन नंबर. मुकादमाचा नंबर आवर्जून घ्या. हंगामात कुटुंबाचा फोन बंद लागला तरी टोळी कुठं आहे हे त्याला ठाऊक असतं. मग प्रत्येक मुलापुढे तीनपैकी एक लिहा: आजी-आजोबांकडे राहणार, हंगामी वसतिगृहात (आई-बाप तोडणीला गेल्यावर मुलांची गावातच राहण्या-जेवणाची सोय) राहणार, बरोबर जाणार.

पहिल्या दोन गटांतली मुलं तुमच्याच वर्गात राहतात. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव व्यवस्थापन समितीच्या ठरावासह आणि पालकांच्या संमतिपत्रांसह केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. अडतो तो संमतिपत्रांपाशी, कारण दसऱ्यानंतर सही करायला आई-बाप गावातच नसतात. सह्या घटस्थापनेच्या आत घ्या. आजीकडे राहणाऱ्या मुलांची हजेरी नोव्हेंबरात ढासळते. म्हाताऱ्या माणसाला सकाळी आवरून देणं जमत नाही. अशा मुलाला वाटेवरच्या चौथीतल्या मुलाशी जोडून द्या.

बरोबर जाणाऱ्याला शिक्षण हमी कार्ड, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखवायचं आपल्या शाळेचं कार्ड. त्यावर नाव आणि इयत्ता लिहून भागत नाही. 'जोडशब्द वाचतो, हातच्याची बेरीज येते, वजाबाकी येत नाही' अशी एक ओळ लिहा. समोरच्या शाळेतले शिक्षक तेवढंच बघतात. मुख्याध्यापकांचा फोन कार्डावर हवा आणि कार्डाची एक प्रत शाळेत. नाव पटावरून काढू नका आणि पालकांनी मागितला तरी घाईने दाखला देऊ नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे पालकांना तोंडपाठ करून द्या. टोळी कोप्या (राहायच्या झोपड्या) टाकून स्थिरावली की आठ दिवसांत फोन करा आणि कोप्यांजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी स्वतः बोला. फड (तोडणीचं शेत) बदलला की शाळाही बदलते, म्हणून महिन्याला एक फोन धरून चाला. सलग एक महिन्याहून अधिक गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं. ती वेळ येऊ द्यायची नाही.

संकलित मूल्यमापनाच्या तारखांआधी एखादं कुटुंब निघणार असेल तर त्या मुलाचं तोंडी काम आणि वाचन आधीच तपासून नोंद ठेवा. कार्डावरची ओळ त्यातूनच लिहिता येते.

बालाघाटकर

सर्वांचे आभार. आज आडवी बेरीज केली, सात नावं निघाली. त्यातली चार उसाची आहेत. एक शंका राहिली: पूर्ण हजेरीला बक्षीस ठेवलं तर? वह्या द्यायला गावातले एक जण तयार आहेत.

हजेरीपत्रक

शंभर टक्के हजेरीला नको. ते बक्षीस जे रोज येतात त्यांनाच मिळतं आणि तुमची सात नावं पहिल्याच आठवड्यात त्यातून बाहेर पडतात. दुसरं म्हणजे, पावसाळा सरता सरता ताप आणि डोळे येणं या साथी असतात. बक्षिसापायी मूल तापात येतं आणि चार दिवसांनी अर्धा वर्ग घरी. ताप औषधाविना 24 तास उतरलेला राहिला की मग पाठवा, असं पालकांना लेखी कळवा आणि आजारपणाचे दिवस वेगळ्या खुणेने भरा.

वह्या द्यायच्याच तर ज्याचे मागच्या महिन्यापेक्षा तीन दिवस वाढले त्याला द्या, आणि मागच्या महिन्यात एखादाच दिवस बुडालेल्यालाही द्या. दोघांनाही मिळतात, कोणी खट्टू होत नाही. दात्यांना सांगून थोड्या वह्या राखून ठेवा. उसाच्या चार मुलांच्या दप्तरात कार्डाबरोबर दोन-दोन वह्या आणि पाठ्यपुस्तकं गेली पाहिजेत. पुस्तकं घरात कुलुपात राहतात आणि मूल रिकाम्या हाताने दुसऱ्या शाळेत जाऊन बसतं, हे फार ठिकाणी होतं.

केंद्रशाळा

दप्तर निघण्याच्या आदल्या संध्याकाळी भरून घ्या, घरी जाऊन. ट्रक पहाटे निघतात.