अवघड गुणाकाराला बाहुली लहान होतेय, डेटा उलटा का येतोय?

रातवा:
नमस्कार मंडळी, प्रोजेक्टसाठी आय ट्रॅकरवर (नजर आणि बाहुली टिपणारा कॅमेरा) डोळ्याच्या बाहुलीचा आकार मोजतेय. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या आकड्यांत गुणाकार येतो, सोपा ७ × ८ आणि अवघड १६ × २३, तो मनातल्या मनात करायचा आणि खाली उजव्या कोपऱ्यात पर्याय असतात त्यातलं उत्तर निवडायचं. हेस आणि पोल्ट यांनी १९६४ सालीच दाखवलंय की गणित अवघड तशी बाहुली मोठी होते, मग माझ्याकडे नेमकी अवघड ट्रायललाच लहान का दिसतेय?? ब्लिंक काढलेत, पहिल्या दोन सेकंदांची सरासरी घेतलीय, बारा जणांचा डेटा झालाय आणि जवळजवळ सगळ्यांचं हेच. खूप टेन्शन आलंय, प्लीज कोणीतरी सांगा.

चिमणपंख:
टेन्शन घेऊ नका, डेटा बहुतेक खरंच बोलतोय, फक्त गणिताबद्दल नाही तर उजेडाबद्दल. ७ × ८ मध्ये दोन आकडे आणि १६ × २३ मध्ये चार, म्हणजे काळ्यावर पांढरं जवळपास दुप्पट, आणि नजरही नेमकी त्यावरच. बाहुली साधारण २ ते ८ मिलिमीटरमध्ये लहानमोठी होते ती मुख्यतः उजेडाने, विचार केल्यामुळे पडणारा फरक बहुतेक वेळा अर्धा मिलिमीटरसुद्धा नसतो, त्यामुळे उजेड थोडा जरी बदलला तरी तो विचाराचा फरक गिळून टाकतो. शिवाय उजेडाने आकसणं पाव सेकंदाच्या आसपास सुरू होतं आणि विचाराने मोठं होणं सावकाश, सेकंदभराने किंवा त्याहून उशिरा वर येतं. म्हणून सरासरी बाजूला ठेवा आणि वेळेप्रमाणे ग्राफ काढून बघा, सुरुवातीला खड्डा दिसला तर उत्तर मिळालं.

जुना_प्रयोगी:
वरच्यांशी सहमत, पण कोपऱ्यातले पर्यायही काढून टाक गं. कॅमेरा एका जागी असतो, नजर कोपऱ्यात गेली की त्याला बाहुली तिरकी दिसते, ताटली तिरकी धरल्यावर लंबगोल दिसते ना तसं, आणि आकार बदललेलाच नसताना आकडा बदलतो. अवघड गणितात माणूस पर्यायांकडे पुन्हा पुन्हा बघणारच. खात्री करायची तर तोच उजेड ठेवून एक ठिपका स्क्रीनवर नऊ ठिकाणी दाखव आणि आकडा किती हलतो ते बघ, मी बघितलं तेव्हा धक्काच बसला होता. आणि माहितीपत्रकात कुठे बुबुळाचा आकार असं लिहिलं असशील तर बदल, बुबुळ म्हणजे रंगीत भाग, आपण मोजतो ते त्याच्या मधलं भोक.

संथ_वाहते:
बेसलाइन, म्हणजे गणित सुरू होण्याआधीचा बाहुलीचा आकार, कशी वापरली ते लिहिलं नाहीत. तिने भागाकार केला असेल तर त्याऐवजी ती वजा करा. माझ्या डेटात एका ट्रायलला बेसलाइनच्या २०० मिलिसेकंदांतच अर्धवट ब्लिंक होता, पापणी निम्मी खाली आली की ट्रॅकरला बाहुली इवलीशी दिसते, आणि त्या इवल्याशा आकड्याने भागल्यावर ती एकच ट्रायल बाकी सगळ्यांच्या तिप्पट वर गेली, मी दोन दिवस तिलाच रिझल्ट समजत होते. ब्लिंक काढताना त्याच्या आधीचे आणि नंतरचेही काही सॅम्पल काढावे लागतात, पापणी खाली येताना आणि वर जाताना आकडे खोटेच असतात.

रातवा:
ग्राफ काढला!! अवघड ट्रायलला आधी मोठा खड्डा आहे, आणि साधारण दोन सेकंदांनंतर रेष चढायला लागते आणि सोप्याच्या वर जाते. म्हणजे परिणाम होता, मीच खड्ड्याची सरासरी घेत बसले होते. पर्यायांवर किती वेळा नजर गेली तेही बघते आता. पण मग हा डेटा वाचेल का?

चिमणपंख:
खरं सांगायचं तर नाही, उजेड आणि अवघडपणा एकमेकांत मिसळलेत ते नंतर वेगळे करता येणार नाहीत. पुन्हा घ्या, यावेळी गणित ऐकवा. कानेमन आणि बीटी यांनी १९६६ मध्ये आकडे ऐकवूनच केलं होतं, प्रत्येक आकडा कानावर पडला की बाहुली वाढत जायची आणि परत सांगताना आकडागणिक कमी व्हायची. स्क्रीन पूर्ण वेळ राखाडी, मधे एक फुली, उत्तर तोंडी, ते पण मोजायची वेळ संपल्यावर. खोलीतला दिवा मध्यम ठेवा, पूर्ण अंधारात बाहुली आधीच मोठी झालेली असते, मग वाढायला जागाच उरत नाही.

जुना_प्रयोगी:
आणि दोन ट्रायलमध्ये तीन-चार सेकंद तरी सोड, आधीच्या गणिताची वाढ उतरायला वेळ लागतो. सोपी-अवघड सरमिसळ कर, सगळी अवघड शेवटी ठेवलीस तर लोक दमतात आणि दमल्यावर बाहुली तशीच लहान होत जाते.